समोरची खुर्ची

शालेय वर्षाचा शेवटचा शनिवार. वेळ सकाळची, दहाच्या किंचित आधीची. स्थळ माध्यमिक शाळेच्या तळमजल्यावरचे सभागृह. शेवटच्या इयत्तेच्या मुलांना निरोप देण्याचा समारंभ या दिवशी, या वेळी आणि या ठिकाणी व्हायचा होता, आणि आजवर कधी झाला नव्हता अशा रीतीने व्हायचा होता.

व्यासपीठाच्या मधोमध एकच खुर्ची ठेवलेली होती. हातांची, उंच पाठीची, तपकिरी कातड्याने मढवलेली ती खुर्ची मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, कार्यालयातून उचलून आणलेली होती. तिच्यासमोर चार पावलांवर खडूने एक वर्तुळ काढले होते. वर्तुळात मूल उभे राहायचे आणि खुर्चीत पाहुणा बसायचा. बाकी व्यासपीठ रिकामे. हार नाहीत, फलक नाही, भाषणासाठी माइकसुद्धा नाही.

ही सगळी योजना वर्गशिक्षकांची. ते भाषा शिकवीत. बोलताना वाक्यातला प्रत्येक स्वल्पविराम ऐकू यावा इतके ते नेमके थांबत. चहा मागवतानाही थांबत. मुलांनी त्यांचे नावच 'स्वल्पविराम' ठेवले होते. सरांना ते ठाऊक होते आणि कुणाला न सांगता ते त्या नावावर खूश होते. आज मात्र त्यांचे थांबणे सुटले होते. शिपायाच्याही आधी ते फाटकाशी येऊन उभे राहिले होते, खडूचे वर्तुळ त्यांनी पुसून पुन्हा काढले होते, खुर्ची बोटभर डावीकडे आणि मग तितकीच उजवीकडे सरकवली होती. छातीत असे काही उसळत होते की आपल्या वयाला हे शोभत नाही, असे त्यांनी स्वतःला दोनदा बजावले आणि दोन्ही वेळा स्वतःचे ऐकले नाही.

आजवरचा निरोप ठरावीक असे. एकामागून एक मुले येत आणि 'शाळेचे ऋण शब्दांत व्यक्त करता येत नाही' असे म्हणून त्यानंतर बराच वेळ शब्दांतच काहीबाही व्यक्त करीत. ती भाषणे तपासण्याचे काम भाषेच्या शिक्षकाकडे. वर्षानुवर्षे ते एकच वाक्य तपासून सर विटले होते. ज्याला भाषा शिकवली, त्याने जाताना भाषा अपुरी पडते म्हणून सांगावे, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. यंदा त्यांनी शिक्षकखोलीत उभे राहून नवी योजना मांडली. प्रत्येक मुलाने वर्षभर मागे जायचे. वर्षाच्या आरंभी जे आपल्याला जमत नव्हते आणि आता जमते, असे एकच काहीतरी शोधायचे. मग ते कुणामुळे जमू लागले, हे शोधायचे. त्या माणसाला शाळेत बोलवायचे, मानाच्या खुर्चीत बसवायचे आणि त्याच्यासमोर ती गोष्ट करून दाखवायची. आभाराचे भाषण नाही. करून दाखवले की आभार पोचले.

वाद मधली सुट्टी संपल्यानंतरही चालला. सरांनी प्रत्येक आक्षेप उचलला, उलटा केला, त्याचे दोन भाग पाडले आणि दोन्ही भाग निकालात काढले. फक्त मोठ्या बाईंचा आक्षेप त्यांच्याच्याने निकालात निघेना. बाई कमी बोलत आणि बोलत ते चष्मा पुसता पुसता बोलत.

"सर, एखाद्या मुलाला असं कुणीच नसलं तर?"

असे मूल असूच शकत नाही, हे सरांनी तीन प्रकारे सिद्ध केले. बाईंनी तिन्ही प्रकार ऐकून घेतले आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. खुर्ची द्यायला त्या तयार होत्या. पण ती एका मुलासमोर जरी रिकामी राहिली, तर त्या मुलाला सगळ्यांदेखत आपण काय दाखवले, हे सरांनी सांगावे. आणि तसे झाले तर पुढल्या वर्षीपासून भाषणे पूर्ववत सुरू. सरांनी तिथल्या तिथे अट मान्य केली. खोलीबाहेर पडल्यावर त्यांच्या लक्षात आले की त्यात भाषणांची भीती फारशी नव्हती. भीती होती ती रिकाम्या खुर्चीसमोर उभ्या राहिलेल्या मुलाची, आणि ती आता कायमची डोक्यात बसली होती.

सरांनी एक नियमही केला होता. कुणाला बोलवायचे हे मुलाने दुसऱ्या मुलाला सांगायचे नाही, पाहुण्याला तर नाहीच. कार्यालयाच्या खिडकीशी जाऊन फक्त भाऊसाहेबांना सांगायचे, आणि भाऊसाहेबांनी पाहुण्याला फोन करायचा. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे कारकून. दाखले, हजेरी, उशिराच्या चिठ्ठ्या, हरवलेले डबे, सगळा कारभार त्या एका खिडकीतून चाले. त्यांच्या डोक्यावरचा पंखा खडीने भरलेला डबा कुणी गदगदा हलवावा तसा वाजे. नव्या पंख्यासाठी त्यांचे तोंडी अर्ज वर्षभर चालू होते आणि मोठ्या बाईंचे 'पुढच्या वर्षी बघू' हेही तितक्याच नियमाने चालू होते. त्यामुळे खिडकीशी कुणीही आले, अगदी शिक्षणाधिकारी आले तरी, भाऊसाहेबांचे पहिले वाक्य ठरलेले असे: "मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

चार दिवसांपूर्वी हेच भाऊसाहेब सरांना जिन्यात गाठून म्हणाले होते की सगळ्या मुलांची नावे आली, एकीचे तेवढे राहिले. ती खिडकीशी दोनदा आली, उभी राहिली आणि काही न सांगता निघून गेली.

"कोण?" सरांनी विचारले, आणि उत्तर येण्याआधीच त्यांना ते कळले होते.

ती यंदाच दुसऱ्या गावाहून आलेली मुलगी. आई पाळीच्या नोकरीत, वडील नाहीत, भावंड नाही. पहिल्या महिन्यात तिचा आवाज शेजारच्या बाकावरही पोचत नसे. हजेरीला ती ओठ हलवी आणि शेजारीण तिच्या वतीने 'हजर' म्हणे. वर्गाने तिचे नाव ठेवले 'कुजबूज'. पुढे हळूहळू तिचा आवाज वर आला. आता ती धडा वाची तेव्हा मागच्या बाकावरचे झोपाळूही दचकत. हा बदल आपल्या तासाला झाला, आपण रोज मोठ्याने वाचून घेतो त्यामुळे झाला, असा सरांचा समज होता. तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. पण सांगण्याची गरज पडली असती तर पुरावे तयार होते.

सरांनी तिला बाजूला घेऊन जपून विचारले. तिने खाली पाहिले, मग वर पाहिले.

"माझं माणूस येईल, सर. त्यांना फोन करायची गरज नाही."

आणि ती पळाली. सर जिन्यातच उभे राहिले. फोन करायची गरज नाही, म्हणजे माणूस शाळेतलेच. शाळेतलेच, म्हणजे... पुढचे वाक्य सरांनी मनातही पूर्ण केले नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी आपला ठेवणीतला सदरा इस्त्रीला दिला. रात्री मात्र दुसरी शंका डोके वर काढी. हे सगळे पोरीने लाज झाकायला सांगितले असेल तर? माणूस नसेलच तर? सदरा आणि शंका, दोन्ही अंगावर घालूनच सर आज आले होते.

दहा वाजत आले आणि पाहुणे येऊ लागले.

सर दाराशी स्वागताला उभे होते, हसऱ्या चेहऱ्याने. पहिली आली एक आजी, काठी टेकत. तिने सरांचे हसू पाहिलेच नाही. तिने काठी जमिनीवर आपटली आणि आपला नातू गरीब आहे, काच त्याने फोडलेली नाही, आणि ज्याने फोडली त्याच्या घरी आधी जावे, असे एका दमात सांगितले. सरांनी विचारले, कोणती काच? आजीने काठी सावरली आणि कोणतीच नाही म्हणाली. तिच्यामागून एक तरुण ताई आली. कामावरून तासाभराची सुट्टी काढून ती धापा टाकीत आली होती. भावाने काय केले ते सरळ सांगा, आईच्या कानावर जाऊ देणार नाही, असे तिने हळूच सांगितले. सायकल दुरुस्त करणारा एक मिस्त्री तर दारातच अडला. त्याच्या दुकानावर शाळेची मुले बसतात हे खरे, पण तो कुणाला बसा म्हणून बोलावत नाही, असे त्याचे म्हणणे होते. एका मुलाचे वडील गेल्या तीन वर्षांची प्रगतिपत्रके काखोटीला मारून आले होते. एक काकू आल्या त्या डोळे पुसतच.

सरांचे हसू ओठांवरच वाळले. सभागृह भरत होते, आणि भरत होते ते आरोपींनी. रांगांमधून लोक असे बसले होते की जणू आता एकेकाचे नाव पुकारून शिक्षा सुनावणार. मुले बाजूच्या भिंतीशी ओळीने उभी होती आणि आपापल्या माणसाचा पडलेला चेहरा पाहून तीही घाबरली होती.

सरांनी भाऊसाहेबांना गाठले. ते मागच्या दाराशी, हात पाठीशी बांधून, येणाऱ्यांना रांग दाखवीत होते. पाहुण्यांना त्यांनी नेमके काय सांगितले, असे सरांनी विचारले.

"तुम्ही दिलंत ते." भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "शाळेतून बोलतो, शनिवारी, दहा वाजता, सभागृहात हजर राहावे, कारण समक्ष सांगण्यात येईल. एक शब्द वाढवला नाही, सर. स्वल्पविरामासकट म्हणालो."

ते वाक्य सरांनी स्वतः रचले होते, चार वेळा घासून. गुपित फुटू नये म्हणून त्यात एक अक्षर वाढवू नका, असे त्यांनीच बजावले होते. भाऊसाहेबांच्या त्या खर्जातल्या आवाजात शाळेने आजवर पालकांना ज्या ज्या वेळी फोन केला होता, त्या प्रत्येक वेळी काही ना काही फुटलेले, हरवलेले किंवा कुणाला लागलेले होते, हे सरांच्या ध्यानातच आले नव्हते.

पहिल्या रांगेतून मोठ्या बाई उठून आल्या. त्यांनी सभागृहावर एक नजर फिरवली.

"सर, यांना काय सांगून बोलावलंत?"

"काहीच नाही, बाई."

"हं," बाई म्हणाल्या. "दिसतंय."

आणि त्या जाऊन बसल्या. आता थांबण्यात अर्थ नव्हता. सर व्यासपीठाच्या पायरीशी गेले. सुरुवातीला बोलण्यासाठी त्यांनी एक छोटेसे, घोटीव निवेदन तयार केले होते. ते त्यांनी गिळले आणि पहिल्या मुलाला वर ढकलले.

तो आजीचा नातू. धडपड्या म्हणून शाळाभर प्रसिद्ध. ज्याच्या अंगावर पूर्ण बटणांचा सदरा कुणी पाहिला नव्हता असा. त्याने वर्तुळात उभे राहून आजीला हाक मारली. आजी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढावे तशी पायऱ्या चढली आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. नातवाने खिशातून सुई काढली, दोरा काढला, एक बटण काढले. दोरा ओठात ओला करून त्याने सुईत ओवला, पहिल्याच झटक्यात, आणि सदऱ्याची मोकळी कड पुढे ओढून तो बटण लावू लागला. सभागृहात एवढी शांतता पसरली की दोरा कापडातून सरकताना ऐकू आला.

आजी आधी गोंधळली. मग पुढे वाकली. तिची नजर बदलली. आरोपीची गेली आणि घरची आली.

"गाठ आतल्या बाजूला घे," ती म्हणाली.

"घेतली, आजी."

शेवटचा टाका पडला. आजीने उठून बटण चिमटीत धरले आणि असे ओढले की नातूच पुढे आला. बटण जागचे हलले नाही. आजीने मान डोलावली आणि मग ती खुर्चीत बसली. या वेळी ती कडेला टेकली नाही. पाठ टेकवून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून बसली. कुणीतरी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सभागृहातला श्वास एकदम सुटला. रांगांमधून कुजबुजीची लाट गेली: तक्रार नाहीये, अहो तक्रार नाहीये, पोरं काहीतरी करून दाखवताहेत. वडिलांनी प्रगतिपत्रके मांडीखाली सरकवली. काकूंनी डोळे पुसले आणि त्या हसू लागल्या. या गलक्यात नातू सरांच्या कानाशी वाकून म्हणाला की काच त्यानेच फोडली होती, पण ते आजीला आज नको.

मग मात्र समारंभाने अशी धाव घेतली की सरांना तिच्यामागे पळावे लागले.

ताईचा भाऊ बुद्धिबळाचा पट घेऊन वर आला. वर्षाच्या आरंभी हरला की हा पट उधळून देई. दोन वजीर त्यापायी कायमचे बेपत्ता झाले होते. त्याने शेवटचा डाव मांडला, ताईला खुर्चीत बसवले आणि स्वतः हरणाऱ्या बाजूला उभा राहिला. ताईने तीन चालींत मात दिली. मुलाने राजा आडवा केला, हात पुढे केला आणि सोंगट्या एकेक करून डब्यात भरल्या. ताई त्याच्याकडे पाहत होती. "कान अजून लाल होतात," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, आणि सभागृह हसले, आणि मुलगाही हसला, लाल कानांनी.

सायकल मिस्त्रीला एका मुलीने बोलावले होते. तिने सायकल थेट व्यासपीठावर आणली, उलटी केली, साखळी पाडली आणि डोळ्यांना रुमाल बांधून ती परत चढवली. मिस्त्री खुर्चीत बसायलाच तयार नव्हता. माझे कपडे तेलकट, ही कातड्याची खुर्ची, असे म्हणून तो मागे मागे सरत होता. तेव्हा पहिल्या रांगेतून मोठ्या बाईंचा आवाज आला.

"बसा. खुर्ची पुसता येते."

तो बसला. साखळी चढली, चाक सुंईऽ करून फिरले, आणि मिस्त्रीने खुर्चीतूनच, सवयीने, ब्रेकही बघ म्हणून सांगितले.

त्यानंतर सरांना क्रमाचे भान राहिले नाही. एकाने एका पायावर उभे राहून डोळे मिटले आणि पडला नाही. एकीने दुकानात हिशेब लिहिणाऱ्या आपल्या काकांसमोर फळ्यावर ते गणित सोडवले, ज्यापायी ती सहामाहीला रडली होती. प्रगतिपत्रकांच्या वडिलांना त्यांच्या मुलाने फक्त एक चादर घडी करून दाखवली, कडेला कड लावून, आणि वडील ती घडी हातात घेऊन खाली आले ते शेवटपर्यंत तिला सोडीनात. ज्यांची पाळी झाली होती ते उठून जायला तयार नव्हते, ज्यांची व्हायची होती ते मान उंच करून आपले मूल कुठे उभे आहे ते शोधीत होते. खालच्या वर्गातली पोरे खिडक्यांना लोंबकळली. शिपाई घंटा द्यायला विसरला. पी.टी.चे शिक्षक, ज्यांनी वादात सरांना 'हा नाटकीपणा आहे' असे सुनावले होते, तेच आता दोन बोटे तोंडात घालून शीळ घालीत होते. सरांचे अंग हलके झाले होते. प्रत्येक वेळी खुर्ची भरली की त्यांच्या मनात एक खूण होई, आणि प्रत्येक खुणेबरोबर उरलेल्या मुलांची ओळ आखूड होई.

शेवटी भिंतीशी एकटी कुजबूज उरली.

सरांनी रांगांवरून नजर फिरवली. बोलावलेले सगळे एकदा तरी खुर्चीत बसून आले होते. अनोळखी, नव्याने आलेले असे कुणी नव्हते. तिची आई नव्हती. तिची सकाळची पाळी होती. मुलगी पायऱ्या चढली आणि वर्तुळात येऊन उभी राहिली. समोर खुर्ची. खुर्चीत कुणी नाही.

टाळ्या हळूहळू विरल्या. लोक आजूबाजूला पाहू लागले. मुलगी नुसती उभी होती, हात सरळ, नजर समोर. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. तो पुसला मात्र नाही. नुसता हातात धरला आणि सरांकडे पाहिले. त्या पाहण्यात जिंकल्याचा आनंद तर नव्हताच, उलट काहीतरी करा असे होते.

सरांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिले. आणि त्याच क्षणी ती दुसरी गोष्ट, जिन्यात अर्धी सोडलेली, पुन्हा वर आली. फोन करायची गरज नाही. शाळेतलेच माणूस. पोरगी संकोचली आहे. आपल्या शिक्षकाला हाक कशी मारावी, हे तिला सुचत नाही. आपणच गेलो तर? खुर्ची भरेल, पोरीची लाज राहील, अट राहील. आणि असत्यही होणार नाही, कारण तिचा आवाज शेवटी... सरांनी ठेवणीतला सदरा नीट केला आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवले.

"भाऊसाहेब!"

आवाज सरांच्या डोक्यावरून गेला. सबंध सभागृह ओलांडून तो मागच्या दाराशी जाऊन आदळला. माइक नव्हता, आणि असता तर तो लाजला असता. सगळ्या माना एकदम मागे वळल्या. मागच्या दाराशी भाऊसाहेब हात पाठीशी बांधून उभे होते. निव्वळ सवयीने त्यांचा एक हात सुटला आणि कानामागे गेला.

"काय? मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही."

सभागृह खळखळून हसले. मुलीचा चेहरा फुलला. तिने छाती भरून श्वास घेतला.

"भाऊसाहेब, ही खुर्ची तुमची आहे. वर या."

आता सरांना सगळे कळले, आणि एका दमात कळले. पाहुण्याला काही सांगायचे नाही, भाऊसाहेबांनाच नाव सांगायचे: नियम त्यांचाच. ज्या मुलीचे पाहुणे भाऊसाहेबच, तिने खिडकीशी जाऊन काय करायचे होते? ती दोनदा गेली होती, नियम मोडावा की नाही याचा विचार करीत उभी राहिली होती, आणि दोनदा नियम पाळून परत आली होती. सरांचे पाऊल अजून पायरीवरच होते. त्यांनी ते हळूच मागे घेतले.

भाऊसाहेब मधल्या वाटेने चालत आले. वाटेत त्यांनी दोघांना विचारले की काय झाले, कुणाची चिठ्ठी राहिली का. खुर्चीशी येऊन ते उभेच राहिले. मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसायचे म्हणजे नोकरीचाच प्रश्न. बाईंनी मानेने खूण केली. ते बसले.

मुलीने कमीज सारखी केली. ती म्हणाली की आधी वर्षाच्या सुरुवातीचे दाखवते. आणि तिने ओठ हलवले. पहिल्या रांगेतल्या आजीने कान पुढे केला. काही पोचले नाही. मग ती म्हणाली, आता आजचे. आणि तीच तीन वाक्ये तिने अशा आवाजात म्हटली की खिडकीतल्या पोरांचे गजांवरून हात सुटता सुटता राहिले.

"मला उशीर झाला. पहिली बस चुकली. चिठ्ठी हवी."

आधी टाळी पडली ती तिच्या वर्गातल्या मुलांची, कारण तिला रोज उशीर होतो हे वर्गाला पाठ होते. मग सगळेच उठले. मिस्त्री उभा राहिला, ताई उभी राहिली, आजीने काठी जमिनीवर आपटली, ती आनंदाने. भाऊसाहेब मात्र खुर्चीत अवघडून बसले होते. त्यांनी हात वर केला. लोक थांबले.

"एक सांगू का," ते म्हणाले. "खोटा मान नको. मी हिला काही शिकवलं नाही. माझ्या डोक्यावर पंखा खडखडतो, मला खरंच ऐकू येत नव्हतं."

सर जागच्या जागी ताठरले. मुद्दा बिनतोड होता. ज्याने हेतूने काही केलेच नाही, त्याचे आभार कसले? वाद हा सरांचा प्राण. पण या मुद्द्याला उत्तर त्यांच्यापाशी नव्हते, आणि वर्तुळात उभी होती सोळा वर्षांची पोर.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. आवाज आता मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेला ऐकू जात होता. "बाकी सगळे 'असू दे' म्हणायचे. तुम्ही ऐकू येईपर्यंत थांबायचात. मागे रांग असली तरी."

'असू दे' हे शब्द सरांना ओळखीचे वाटले. पहिल्या महिन्यात ती धडा वाचायला उभी राही, ओठ हलवी, आणि सर दयेने, अत्यंत मऊ स्वरात, म्हणत, "असू दे, बस खाली." ते शब्द त्यांचेच होते. सगळे पुरावे त्यांच्या मनात एका क्षणात कोसळले, आणि नवल म्हणजे त्याचे दुःख वाटायला त्यांना सवडच मिळाली नाही. कारण भाऊसाहेबांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरले, आणि कार्यालयात बसल्यासारखे खुर्चीत सरळ होऊन, ठरलेल्या स्वरात विचारले, "कारण खरं आहे ना? बस खरंच चुकली?" मुलगी म्हणाली, "अर्धे दिवस खरं." आणि मग जो हशा उसळला, त्यात टाळ्या, शिट्ट्या, आजीची काठी आणि शिपायाने अखेर आठवून दिलेली घंटा, सगळे एकत्र झाले. सर टाळ्या वाजवीत होते, हात दुखेपर्यंत, आणि त्यांच्या लक्षात आले की ते वेड्यासारखे हसताहेत.

लोक निघता निघेनात. मुले आपापल्या माणसाला शाळा दाखवीत फिरली. धडपड्याच्या आजीला फुटक्या काचेच्या बाजूने मात्र कुणी नेले नाही. मोठ्या बाई व्यासपीठावर आल्या. खुर्चीच्या एका हातावर तेलाचा काळा ठसा उमटला होता. त्यांनी तो बोटाने चाचपला आणि तसाच राहू दिला. सर त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले, विद्यार्थ्यासारखे. चूक माझी होती, ते म्हणाले, नियमात आणि वाक्यात, दोन्हींत. पण खुर्ची रिकामी राहिली नाही, हे बाईंनी लक्षात घ्यावे. बाईंनी लक्षात घेतले असावे, कारण त्यांनी चष्मा चढवला.

भाऊसाहेब खुर्ची परत न्यायला आले होते. अशी संधी वर्षातून एकदा येते, हे त्यांनी ओळखले. खुर्चीची एक बाजू धरून, नम्रपणे, ते म्हणाले की आता विषय निघालाच आहे तर, कार्यालयातल्या पंख्याचे तेवढे बाईंनी मनावर घ्यावे.

मोठ्या बाईंनी भाऊसाहेबांकडे पाहिले, मग सरांकडे, मग दाराशी मैत्रिणींच्या घोळक्यात मोठमोठ्याने बोलत उभ्या असलेल्या त्या मुलीकडे.

"खुर्ची पुढच्या वर्षीही मिळेल," त्या म्हणाल्या. "पंखा मिळणार नाही."